खिशातला ब्रेथ ॲनालायझर: पार्टीच्या दारात निरुपयोगी, पहाटे पाचला लाखमोलाचा

आधी निकाल सांगतो. श्वासातली दारू मोजणारा ब्रेथ ॲनालायझर घ्यायचाच असेल तर फ्युएल सेलच्या सेन्सरचा घ्या, ऑनलाइन हजार-दीड हजाराला मिळणारा घेऊ नका. आणि कितीही चांगला घेतलात तरी सावजीतून किंवा लॉनवरच्या रिसेप्शनमधून बाहेर पडताना त्यात फुंकून गाडी काढायची की नाही हे ठरवू नका. हे यंत्र त्या कामाचं नाही. त्याचा खरा उपयोग दुसऱ्या दिवशी सकाळी आहे. नागपूरहून समृद्धी महामार्गाला लागणाऱ्या, पेंच-ताडोब्याच्या सकाळच्या सफारीला निघणाऱ्या किंवा पाहुण्यांना पहाटेच्या विमानाला सोनेगावला सोडणाऱ्या माणसाला तो उपयोग समजला, तर लायसन्स, नोकरी आणि कदाचित कुणाचा तरी जीव वाचू शकतो.

बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला एकदाच वापरायच्या काचेच्या नळीचा. आतले पिवळे खडे दारूच्या वाफेने हिरवे पडतात. हिरवा रंग किती मिलिमीटर चढला हे दिव्याच्या उजेडात कुणालाच नीट सांगता येत नाही, त्यामुळे त्यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही. दुसरा सेमीकंडक्टर सेन्सरचा, म्हणजे स्वस्तातला जवळजवळ प्रत्येक. यात टिन ऑक्साइडचा तापवलेला थर असतो. वाफ लागली की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. अडचण अशी की हा थर फक्त दारू ओळखत नाही. हाताला लावलेलं सॅनिटायझर, अत्तर, पेट्रोलचा वास, नवा रंग, उपाशी माणसाच्या किंवा मधुमेह्याच्या श्वासातलं ॲसिटोन, सगळ्यांवर तो आकडा दाखवतो. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करणाऱ्याने फुंकलं तरी शून्य येईलच असं नाही. याहून वाईट म्हणजे काही महिन्यांत सेन्सरचं मोजमाप सरकतं आणि मग उलटही घडतं: दारू असते, आकडा कमी येतो.

तिसरा फ्युएल सेलचा. प्लॅटिनमच्या पत्र्यांवर दारूचं ऑक्सिडेशन होतं, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह निघतो आणि तो मोजला जातो. ॲसिटोनने तो फसत नाही. पोलिसांकडच्या यंत्रांतही हेच तंत्र असतं. किंमत स्वस्तातल्याच्या कित्येक पट आहे, पण स्वस्तातलं घेऊन चुकीच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा काहीच न घेतलेलं बरं. खोक्यावर नुसतं ‘डिजिटल’ किंवा ‘प्रोफेशनल’ छापलेलं असेल तर त्यावरून काही कळत नाही. तपशिलात ‘फ्युएल सेल’ किंवा ‘इलेक्ट्रोकेमिकल’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘ॲडव्हान्स्ड फ्लॅट सेन्सर’ वगैरे शब्द असले तर तो सेमीकंडक्टर समजावा.

विकत घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: कॅलिब्रेशन कुठे होतं? फ्युएल सेलला साधारण वर्षातून एकदा, स्वस्त सेन्सरला सहा महिन्यांत एकदा, ठरावीक प्रमाणात दारू असलेल्या गॅसवर यंत्र जुळवून घ्यावं लागतं. हे सीताबर्डीच्या मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यात होणारं काम नाही. विक्रेता कुरिअरने यंत्र मागवून, जुळवून परत पाठवत असेल किंवा सेन्सरचा भाग बदलून मिळत असेल तरच पैसे द्या. ही सोय नसेल तर दोन वर्षांनी तुमच्या हातात खेळणं उरेल.

खोकं उघडल्यावर पहिलं काम एकक तपासण्याचं, कारण इथे लोक सर्वांत जास्त फसतात. आपल्या कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. यंत्र टक्क्यांत दाखवत असेल तर हीच मर्यादा ०.०३ अशी दिसते, दर हजारी एककात ०.३०, आणि एक लिटर श्वासातल्या मिलिग्रॅममध्ये सुमारे ०.१५. यंत्र टक्क्यांवर लावलेलं असेल आणि तुम्ही तो आकडा श्वासाच्या एककातला समजून वाचलात, तर अनर्थ ठरलेला. दुसरा सापळा दिव्यांचा. परदेशी बाजारासाठी बनलेल्या बऱ्याच यंत्रांत धोक्याची घंटी ०.०५ वर लावलेली असते. म्हणजे ०.०४ ला पडद्यावर हिरवा रंग येतो आणि भारतात तुम्ही गुन्हेगार असता. सेटिंगमध्ये घंटी ०.०३ च्या खाली आणता येत असेल तर आणा. येत नसेल तर रंग बघूच नका, आकडा वाचा.

आता फुंकायचं कसं. शेवटचा घोट, ढेकर, माउथवॉश, पान किंवा खोकल्याचं औषध यानंतर किमान २० मिनिटं थांबायचं. तोंडात उरलेली दारू फुप्फुसातल्या हवेपेक्षा कितीतरी तीव्र असते आणि आकडा भलताच फुगवते. दशमूलारिष्ट, अश्वगंधारिष्ट यांसारख्या अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेली दारू असते. तीन-चार चमच्यांच्या मात्रेने रक्तातला आकडा मर्यादेच्या जवळपासही जात नाही, पण औषध घेऊन लगेच फुंकलं तर यंत्र ओरडतं. साध्या पाण्याने चूळ भरा, वेळ जाऊ द्या. यंत्र सुरू करून तयार असल्याची खूण येईपर्यंत थांबा. मग खोल श्वास घेऊन, ओठ नळीभोवती घट्ट मिटून, एका दमात पाच-सहा सेकंद सारख्या जोराने फुंका. बीप सुरू असते ती थांबेपर्यंत फुंकणं सोडायचं नाही. बीप थांबल्यावर आतून बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. तो पंपाचा असतो: श्वासाचा शेवटचा भाग, म्हणजे फुप्फुसाच्या तळची हवा, त्याने ओढून घेतली. सुरुवातीची हवा फक्त तोंडाची आणि घशाची असते, म्हणून अर्धवट फुंकर मारणाऱ्याला कमी आकडा दिसतो. काही जण मुद्दाम तसं करतात आणि स्वतःलाच फसवतात. पाच मिनिटांनी दुसऱ्यांदा फुंका आणि दोन्हींतला मोठा आकडा खरा धरा.

नागपूरच्या हवेची एक गोष्ट कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हातही ठेवू देत नाही. अशा गाडीत ठेवलेलं यंत्र एका उन्हाळ्यात बिघडतं. फ्युएल सेल आतून ओलसर असावा लागतो, तो सुकून जातो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उलट होतं: गाडीत रात्रभर गारठलेला सेल सुस्त होतो आणि आकडा चुकतो. यंत्र घरात ठेवा आणि फुंकण्याआधी दहा मिनिटं खिशात ऊब द्या. सिगारेट ओढल्या ओढल्या त्यात फुंकू नका, धुराने सेन्सर कायमचा जातो.

आता पार्टीच्या दाराकडे येऊ. जेवण भरपेट असलं की दारू पोटातून रक्तात जायला अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत वेळ लागतो. रात्री ११ ला शेवटचा पेग संपवून सव्वाअकराला फुंकलं, आकडा ०.०२ आला, गाडी काढली. वर्धा रोडवर पावणेबाराला नाकाबंदी लागली, तिथे तोच माणूस ०.०४ निघू शकतो. यंत्र खोटं बोललेलं नसतं. आकडा चढता होता, एवढंच. चढता आकडा आणि उतरता आकडा एका रीडिंगमध्ये वेगळे ओळखता येत नाहीत. शिवाय चांगल्या यंत्रातही ०.००५ इकडेतिकडे होतंच. त्यामुळे आमच्या मते या यंत्राचा एकच आकडा गाडी काढण्यालायक आहे: शून्य, तोही दोनदा.

‘एक पेग चालतो’ या समजुतीचा हिशेब करून बघा. ४२.८ टक्के व्हिस्कीचा ६० मिलिचा लार्ज म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध दारू. ७० किलोच्या पुरुषाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात ती साधारण ४० मिलिग्रॅमच्या वर जाते. एकाच लार्जमध्ये मर्यादा ओलांडली. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची ६५० मिलिची बाटली तर दोन लार्जच्या बरोबर आहे, ४१ ग्रॅम. ‘मी फक्त बिअर घेतली’ म्हणणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं. ६० किलोच्या बाईच्या रक्तात तीच एक बाटली १२० च्या घरात जाते, आणि शरीर तासाला सरासरी १५ मिलिग्रॅमच जाळतं म्हणून शून्यावर यायला आठ तास लागतात. मोहाच्या दारूला तर हा हिशेबच लागू नाही, कारण तिची टक्केवारी कुणालाच माहीत नसते.

आता पहाटेचा हिशेब. ७० किलोचा माणूस, रात्री ८ ला बसला, चार लार्ज घेतले, १२ ला झोपला. एकूण भार सुमारे १७० मिलिग्रॅमचा. पहाटे ५ पर्यंत नऊ तास झाले, १३५ जळाले, ३५ शिल्लक. झोप झालेली, आंघोळ झालेली, डोकं ठीक, ‘उतरली’ असं मनापासून वाटतंय, आणि तो शिवमडक्याहून समृद्धीवर कायद्याच्या मर्यादेच्या वर चढतोय. ज्यांचं शरीर तासाला १० च्याच वेगाने जाळतं त्यांच्यात त्या वेळी ८० शिल्लक असतात. लिंबूपाणी, काळी चहा, उलटी, गार पाण्याची आंघोळ, यातलं काहीही हा वेग वाढवत नाही. समृद्धीवर १२० च्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. अर्ध्या सेकंदाने उशिरा ब्रेक लागला तर गाडी सोळा मीटर पुढे गेलेली असते. पहाटेच्या त्या क्षणी खिशातलं यंत्र खरं काम करतं, कारण तोवर आकडा नक्की उतरता असतो आणि शरीराचा अंदाज नक्की चुकीचा असतो. ०.०२ दिसला तर दोन तास झोपा आणि पुन्हा फुंका. सफारी बुडाली तर बुडू दे.

यंत्र जे सांगत नाही तेही लक्षात ठेवायला हवं. भांग-गांजा त्याला कळत नाही, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ला कळतो: गाडीवर ताबा राहणार नाही इतका अमली पदार्थाचा अंमल असेल तर शिक्षा तीच. आणि तुमच्या खिशातल्या यंत्रावरचा आकडा न्यायालयात तुमच्या बाजूने उभा राहत नाही. तिथे पोलिसांच्या यंत्राची नोंद आणि रक्ताचा अहवाल बोलतो.

प्रवाशाला या कलमाची झळ स्थानिकापेक्षा जास्त बसते, म्हणून थोडं सविस्तर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये किंवा दोन्ही. सिग्नल तोडल्याच्या चलनासारखा हा मामला मोबाइलवर पैसे भरून मिटत नाही. कलम २०० नुसार जे गुन्हे जागेवर तडजोडीने मिटवता येतात त्यांत १८५ नाही, प्रकरण न्यायालयातच जातं. पुण्याहून लग्नाला आलेला माणूस नागपुरात सापडला तर तारखेला त्याला नागपूरलाच यावं लागतं. कलम २०२ खाली पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. मात्र अटकेपासून दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. फुंकायला नकार देऊन सुटका होत नाही: सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे तुमच्याविरुद्धच धरला जाऊ शकतो. हुज्जत न घालता फुंका, आकडा आणि वेळ स्वतः वाचा, स्लिप निघत असेल तर मागा, आणि आकडा चुकीचा वाटत असेल तर रक्ततपासणीची मागणी शांतपणे करा. शेजारी बसून ‘चल रे, काही होत नाही’ म्हणणारा मित्रही मोकळा नाही, चिथावणीला कलम १८८ आहे. लायसन्सचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं की दारू पिऊन चालवणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा.

नागपूरकरांना आणखी एक गोष्ट माहीत असूनही ऐन वेळी आठवत नाही. समृद्धीने निघालात की पहिला जिल्हा लागतो वर्धा, आणि तिथे दारूबंदी आहे. गडचिरोलीतही आहे, १९९३ पासून. चंद्रपूरची २०२१ मध्ये उठली. रात्रीची उरलेली अर्धी बाटली डिकीत ठेवून वर्ध्यात शिरलात तर तुमचा श्वास शून्य असला तरी बाटलीचा वेगळा गुन्हा होऊ शकतो. निघण्याआधी डिकी बघा.

अपघात झाला तर हिशेबच बदलतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दारूच्या अंमलाखाली चालवताना लागू होत नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केलं की ब्रेथ टेस्ट किंवा रक्ताचा अहवाल नसला तरी इतर पुराव्यांवरून विमा कंपनी दावा नाकारू शकते. कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, म्हणजे पाच वर्षांपर्यंत कैद, हा सौम्य पर्याय ठरतो. दारू पिऊन चालवलं म्हणून सदोष मनुष्यवधही लागू शकतो. मुंबईच्या कार्टर रोडवरच्या २००६ च्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तीच शिक्षा कायम ठेवली.

नोकरीचं नुकसान मात्र अपघात न होताही होतं, आणि ते दंडाच्या पावतीवर कुठेच छापलेलं नसतं. राज्य सरकारी कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे तो निलंबित झाल्याचं आपोआप मानलं जातं. सरकारी भरतीच्या साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, शिक्षा विचारतात. तिथे लपवलं तर गुन्ह्यापेक्षा लपवणं महाग पडतं. किरकोळ गुन्हा सांगितला तर नियुक्ती अधिकारी तो सोडून देण्याचा विचार करू शकतो, लपवल्याचं उघड झालं तर विश्वासच जातो. टॅक्सी, ट्रक, ट्रॅव्हल्स चालवणाऱ्यासाठी तीन महिन्यांचं निलंबन म्हणजे तीन महिन्यांची कमाई शून्य आणि बहुधा मालकाकडची जागाही गेली.

मिहानमधल्या कंपन्यांत काम करणाऱ्या, ऑनसाइटची, म्हणजे परदेशातल्या कामाची, वाट बघणाऱ्या तरुणांनी पुढचं दोनदा वाचावं. खटला न्यायालयात प्रलंबित असताना पासपोर्ट नाकारता येतो. मिळवायचा तर न्यायालयाची परवानगी आणावी लागते, आणि प्रोजेक्टची तारीख त्या परवानगीसाठी थांबत नाही. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ असा प्रश्न असतो, फक्त शिक्षा झाली का असा नाही. गेल्या पाच वर्षांत दारूसंबंधी एक अटक असली तरी वकिलात ठरवून दिलेल्या डॉक्टरकडे पाठवते. आणि तिथे राहत असताना दारू पिऊन चालवताना पकडलं गेलं तर शिक्षा होण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. कॅनडाने १८ डिसेंबर २०१८ पासून हा गुन्हा गंभीर गुन्ह्यांच्या यादीत टाकला. भारतातल्या एका शिक्षेवरूनही तिथला प्रवेश अडू शकतो. परदेशात भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी मर्यादाही बघून घ्यावी: जपानमध्ये आपल्याइतकीच कडक आहे आणि सोबत बसलेल्यालाही शिक्षा आहे, जर्मनी-ऑस्ट्रेलियात ०.०५, अमेरिकेत बहुतेक राज्यांत ०.०८ पण युटामध्ये ०.०५. नेपाळला गाडी घेऊन जाणाऱ्यांनी शून्यच धरावं.

मग रात्री काय करायचं? यंत्राला पर्याय यंत्र नाही, माणूस आहे. नागपुरात तासावर ड्रायव्हर मिळतो, ॲपवरही आणि चौकातल्या टॅक्सीवाल्यांच्या ओळखीनेही. त्याला पार्टी संपल्यावर फोन करू नका. लग्नाच्या दाट तिथीला रात्री साडेअकराला माणूस मिळत नाही आणि मग ‘जवळच तर आहे’ सुरू होतं. दुपारीच ठरवा, त्याचं लायसन्स डोळ्यांनी बघा, मुदत तपासा, फोटो काढून ठेवा. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर कलम १८० खाली मालक अडकतो. पहिला ग्लास हातात घेण्याआधी किल्ली त्याच्याकडे द्या, कारण त्यानंतरचा तुमचा निर्णय तुमचा राहत नाही. ड्रायव्हरलाही यंत्रात फुंकायला सांगायला संकोच करू नका. त्यासाठी वेगळी स्वच्छ नळी लागते, म्हणून यंत्रासोबत येणाऱ्या तीन-चार नळ्यांवर भागवू नका, दहा-बाराचं पाकीट जास्तीचं मागवा. नळ्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय लावू नका. आत पाण्याचा थेंब राहिला तर तो सरळ सेन्सरवर जातो.